वस्तीतल्या घरांसोबत काम करायचंय? नेहमी येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं

आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तेच तेच प्रश्न येतात. निम्मे काम करायला येऊ म्हणणाऱ्यांचे, निम्मे "आमच्या शेजारी एक जण अडचणीत आहेत, काय करू" असे. दरवेळी टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न ज्या शब्दांत आले जवळपास तसेच ठेवलेत.

१. तुम्ही नेमके कोण? एनजीओ आहात का?

नाही हो. पुण्यात पर्वती पायथा, जनता वसाहत, दांडेकर पूल या भागात काम करणारा वीसेक जणांचा गट आहे, दोन रिटायर्ड शिक्षिका, एक रिक्षावाले दादा, काही नोकरीवाले आणि परीक्षा नसेल तेव्हा कॉलेजची पोरं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये किराणा किट वाटायला सुरुवात झाली, सगळेच वाटत होते तेव्हा. पण किट द्यायला गेलं की दिसायचं, घरातल्या ताईंचा नवरा जाऊन तीन वर्षं झालीत आणि पेन्शन मिळू शकते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, किंवा सांगितलंय, त्या दोनदा तहसीलला जाऊनही आल्यात, "हा कागद नाही, तो आणा" ऐकून परत आल्यात आणि तिसऱ्यांदा जायचं तर धुणीभांड्याच्या कामाचा खाडा पडतो. किट पंधरा दिवसांत संपतं. पेन्शन एकदा सुरू झाली की दर महिन्याला येते. म्हणून आता आमचं बरंचसं काम म्हणजे सोबत जाणं, ऑफिसात, दवाखान्यात, बँकेत, रांगेत.

२. मला फक्त रविवारी वेळ असतो, चालेल का?

चालेल, पण रविवारी तहसील बंद, बँक बंद, रेशन ऑफिस बंद. त्यामुळे रविवारवाल्यांना घरभेटी, फॉर्म भरणं, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पोरांचा अभ्यास ही कामं. आणि ज्यांना महिन्यातून एखादी रजा मंगळवारी-बुधवारी टाकता येते ते तर आमच्यासाठी सोनं. एकच विनंती, जो वार सांगाल तो पाळा. "जमेल तसं येतो" म्हणणारे सहसा येत नाहीत, आणि तिकडे कोणीतरी कामाचा खाडा करून तुमची वाट बघत दारात बसलेलं असतं.

३. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) वगैरे केलेलं लागतं का?

नाही. मराठी लिहिता-वाचता आलं, फोनवर पीडीएफ बनवता आली आणि रांगेत उभं राहून वैताग न करता बोलता आलं की झालं. ओळखपत्राची प्रत घेतो. पहिले दोन महिने जुन्या माणसासोबतच जायचं. बाई एकटी राहत असेल तर पुरुष कार्यकर्त्याने एकट्याने घरी जायचं नाही, कितीही ओळख झालेली असो. पोरांच्या अभ्यासाला बसणाऱ्यांना पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागतं, याचा काही लोकांना राग येतो, येऊ दे.

४. पहिल्यांदा कोणाच्या घरी जाताना काय न्यायचं आणि काय बोलायचं?

काहीच नेऊ नका. खरंच. पहिल्याच भेटीत पिशवी दिली की तुम्ही कायमचे पिशवीवाले होता आणि मग समोरचा माणूस खरी अडचण सांगत नाही, पिशवीला शोभेल तेवढीच सांगतो.

चप्पल बाहेर काढा, बसायला सांगतील तिथे बसा, चहा नको म्हणू नका. चहा नाकारला की त्या घराला जे वाटतं ते आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी फार आधी आम्हाला सुनावलंय, परत लिहीत नाही. मावशी, ताई, आजी, काका म्हणायचं, "लाभार्थी" हा शब्द फॉर्मवर ठीक आहे, तोंडात नको. पगार किती, नवरा पितो का, असले प्रश्न पहिल्या दिवशी नकोत. गाव कुठलं, इथे कधीपासून, पोरं कितवीला, इथून सुरू करा.

मग कधीतरी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी निघते, बहुतेक वेळा साड्यांच्या दुकानाची. सगळ्या घराची कागदं त्यात: आधार, लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड, तिघांचे जन्मदाखले, दवाखान्याच्या फायली, लाइटचं बिल, आणि मधेच एखादा लग्नातला फोटो. ती पिशवी त्यांनाच उघडू द्या. एकेक कागद तेच काढून देतात आणि देताना त्यामागची गोष्ट सांगतात, तीच खरी माहिती. फोनवर फोटो काढायचा तर विचारून. मूळ कागद घरी न्यायचा नाही, "उद्या आणून देतो" म्हणूनसुद्धा नाही, एकदा आमच्याच एकाच्या बॅगेत एका आजींचं मूळ आधार आठवडाभर राहिलं आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात अ‍ॅडमिट करावं लागलं.

५. घरात खूप जुने कपडे आहेत, कधी आणून देऊ?

नको. फाटकं नसलं तरी नको, आमच्याकडे ठेवायला जागा नाही. शाळेचे युनिफॉर्म, रेनकोट, स्वेटर धुतलेल्या अवस्थेत असतील तर आधी फोटो पाठवा.

६. किटमध्ये काय असतं? आणि तीन महिन्यांनी बंद का करता?

तूरडाळ, तेल, साखर, चहापावडर, शेंगदाणे, मीठ-मिरची, अंगाचा आणि कपड्याचा साबण, पॅड. गहू-तांदूळ देत नाही कारण ते रेशनवर मिळायला हवेत, आणि मिळत नसतील तर तेच आधी सोडवायचं (प्रश्न ७). बंद करण्यामागे कंजुषी नाही. तीन महिने म्हणजे पेन्शनचा किंवा कार्डाचा अर्ज मार्गी लावायची मुदत आहे, आमच्या स्वतःसाठी. अर्ज अडकला तर किट पुढे चालू राहतं. आजारी, एकट्या म्हाताऱ्या माणसांना मुदत नाही.

जुन्या बायका मुष्टिफंड म्हणायच्या, दळण काढताना एक मूठ धान्य बाजूला टाकायचं आणि महिनाअखेर गोळा करायचं. आमच्या भागातल्या तीन सोसायट्यांत आता तसंच चालतं, फक्त मुठीऐवजी महिन्याच्या सामानात एक किलो डाळ जास्तीची.

७. रेशनकार्ड गावाकडचं आहे / कार्डावर नाव नाही / कार्डच नाही. धान्य मिळेल का?

तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

गावाकडचं कार्ड असेल आणि त्यावर धान्य चालू असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं, एक देश एक रेशनकार्ड योजना त्यासाठीच आहे. दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणतो तेव्हा भांडू नका, १९६७ या रेशनच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा, कधी कधी फोन हातात घेतला तरी काम होतं. अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, त्यामुळे कोणी त्या धान्याचे पैसे मागत असेल तर ते चुकीचं.

नाव नसेल (सून, नवीन बाळ) तर नाव वाढवायचा अर्ज, सुनेचं माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला. सगळ्यांची ई-केवायसी झालीये ना तेही बघा. म्हाताऱ्यांचे अंगठे घासलेले असतात, मशीन घेत नाही, तिथे माणूस सोबत लागतो.

कार्डच नसेल तर नवीन काढायचं. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९ हजार उत्पन्नाची मर्यादा आहे. केशरी कार्ड निघालं तरी त्यावर धान्य लगेच सुरू होईल असं समजू नका, कार्ड वेगळं आणि धान्य वेगळं, हा घोळ सगळ्यांचाच होतो. तरी कार्ड काढाच, दवाखान्यात उपयोगी पडतं (प्रश्न ११).

८. शेजारच्या ताईंचे मिस्टर वारले, लहान मुलं आहेत. काय काय मिळू शकतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दहाव्या-तेराव्याच्या आधी कागदांचं बोलू नका, पण फार उशीरही नको.

पहिलं, मृत्यूची नोंद. २१ दिवसांच्या आत फुकट होते, नंतर लेट फी आणि कटकट. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या, आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून आधारशी ताडून बघा. सगळी गाडी या स्पेलिंगवर अडते.

दुसरं, पासबुक. हे लोक विसरतात. मिस्टरांचं पासबुक बँकेत नेऊन एंट्र्या मारून घ्या आणि मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेत का ते बघा. कापले असतील तर जीवन ज्योती विमा चालू होता, २ लाख मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाताचा, सुरक्षा विमा, अपघाती मृत्यू असेल तर तिथेही २ लाख. एका रंगकाम करणाऱ्या दादांचं पासबुक वर्षभर छापलेलं नव्हतं, मशीनमधून पानामागून पान निघत होतं आणि ताई म्हणत होत्या खात्यात काही नाहीये हो, उगाच आलो. पाचव्या पानावर ४३६ होते.

तिसरं, कामाचं. पीएफ कापला जात होता का? मग पीएफ, विधवा पेन्शन आणि विम्याचा दावा असतो. बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंद होती का? नैसर्गिक मृत्यूलाही वारसाला २ लाख आहेत.

चौथं, सरकारी मदत. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि गेलेली कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयाची असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार. ताईंना संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० (अटींसाठी प्रश्न १०). मुलांना बालसंगोपन योजनेत प्रत्येकी महिना २,२५०, ही १८ वर्षांपर्यंत मिळते, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. बालसंगोपनचं फारच थोड्यांना माहीत असतं, का कोण जाणे.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही. एक वही करा, तारीख, कुठल्या खिडकीला गेलो, काय म्हणाले, अर्ज नंबर. आणि पोचपावतीशिवाय अर्ज द्यायचा नाही.

९. लाडकी बहीणचे पैसे येतात, तरी निराधारचा अर्ज करू का?

दोन्ही मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बसत नाही. मग काय निवडायचं? उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर आमचं मत निराधार, ती १९८० पासून चालू आहे आणि सरकारं येवोत जावोत ती राहिलीये. पण निराधार मंजूर होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत हातातलं सोडू नका. मुलांचं बालसंगोपन मुलांच्या नावाने आहे, ते वेगळं.

१०. निराधारला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे म्हणतात. एवढं कमी कोणाचं असतं?

बरोबर विचारलंत. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. पुण्यात दोन घरची भांडी केली तरी जास्त होतात. ही मर्यादा बदलायला हवी असं आम्ही जिथे बोलता येईल तिथे बोलतो, दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे तशी इतरांसाठी का नाही हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

आमचं धोरण असं: खोटा दाखला काढून देत नाही, एजंटकडे पाठवत नाही. उत्पन्न तलाठ्यासमोर खरं सांगायचं. हातावरचं काम, महिन्यातले किती दिवस मिळतं, पावसाळ्यात किती, आजारपणात किती, हे नीट मांडलं तर आकडा बऱ्याचदा लोकांच्या अंदाजापेक्षा कमी निघतो, कारण लोक चांगल्या महिन्याचा पगार गुणिले बारा करून सांगतात. तरीही नाही बसलं तर नाही बसलं, मग बालसंगोपन, लाडकी बहीण, रेशन यावर जोर द्यायचा.

बाकी अटी: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. ६५ च्या पुढे श्रावणबाळ ही म्हाताऱ्यांची पेन्शन योजना. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन गुपचूप थांबते आणि आजी सहा महिने म्हणत राहतात, या महिन्यात उशीर झालाय वाटतं.

११. हॉस्पिटलवाले डिपॉझिट भरा म्हणतायत, पैसे नाहीत. आत्ता काय करू?

आत्ता अ‍ॅडमिट करा, हेच पहिलं. अँब्युलन्स १०८. धर्मादाय हॉस्पिटलला तातडीच्या पेशंटकडून आधी डिपॉझिट मागता येत नाही, हे शांतपणे पण ठाम सांगा.

पेशंट आत गेला की दोन माणसं शोधा. एक आरोग्यमित्र, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा, हॉस्पिटल योजनेत असेल तर त्याचं टेबल असतं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आणि आता पांढरं कार्डही चालतं. दुसऱ्या, सोशल वर्कर मॅडम किंवा सर. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात, उत्पन्न अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. "खाटा भरल्यात" म्हणाले तर लेखी मागा. लेखी म्हटलं की एखादी खाट रिकामी होताना आम्ही पाहिलीये.

हे डिस्चार्जच्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी सांगायचं. बिल झाल्यावर आम्हाला फोन येतात तेव्हा करण्यासारखं फार कमी उरतं.

कॅन्सरसाठी मुंबईला टाटाला जायचं असेल तर पेशंटपेक्षा सोबतच्यांच्या राहण्याची चिंता आधी करा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट आणि नातेवाईक तिथे राहतात, तिथे जागा आहे का ते निघायच्या आधी विचारा.

१२. आमच्या मजल्यावर आजी एकट्या आहेत, मुलगा बघत नाही. तक्रार करू का?

आजींना विचारल्याशिवाय नाही. निम्म्या वेळा आजी म्हणतात, त्याला काही बोलू नका, फक्त औषधं आणून द्या. मग औषधं आणून द्या.

त्यांची तयारी असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांत ऑफिसला अर्ज करायचा, महिना १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं असेल आणि तो सांभाळत नसेल तर तेही रद्द मागता येतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, कधी कधी तिकडून मुलाला नुसता फोन गेला तरी पुरतं.

१३. बाजूच्या घरात मारहाण होते, लहान मुलगीपण आहे. मध्ये पडू का?

अंगावर जाऊ नका. आत्ता चालू असेल तर ११२. बाईंसाठी १८१, मुलांसाठी १०९८. बाई नंतर एकटी भेटेल तेव्हा फक्त एवढं सांगा की नंबर आहे, मी आहे, तू ठरव. लगेच निघून ये म्हणून मागे लागू नका, कुठे जायचं हे ठरलेलं नसताना बाहेर पडणं जास्त धोक्याचं असतं.

इथे एक अपवाद, आणि तो सगळ्या कार्यकर्त्यांना पाठ पाहिजे: मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर "घरच्यांना विचारून बघू" चालत नाही. पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. त्याच दिवशी गटातल्या दोघा जुन्यांपैकी एकाला फोन करा, आम्ही सोबत येतो, पण कळवायचं तुम्हालाच आहे.

१४. ज्या घरी जातो तिथून उसने पैसे मागतात. देऊ का?

नाही. एकदा दिले की तुमचं जाणं वसुलीसारखं होतं आणि ते दार उघडायचे बंद होतात, आमची दोन घरं अशीच तुटली. नड खरी असेल तर गटात सांगा, औषधाचं बिल असेल तर मेडिकलवाल्याला, फी असेल तर शाळेत, थेट भरतो.

१५. त्यांच्या घरात टीव्ही आणि चांगला मोबाइल दिसला. खरंच गरजू आहेत का?

टीव्ही चांगल्या दिवसांत हप्त्यावर घेतलेला असतो, आणि मोबाइलशिवाय आज ओटीपी नाही, पोरांची शाळा नाही, काम नाही. आम्ही वस्तू मोजत नाही. तीन गोष्टी बघतो: कमावणारं कोण, आजारी कोण, कर्ज कोणाकडचं. बचत गटाचं का सावकाराचं का मायक्रोफायनान्सचं, ते कळलं की घर कळतं. फसवणारेही भेटतात, क्वचित. एक किट गेलं, एवढंच.

१६. फोटो का टाकत नाही? फोटो बघून लोक मदत करतात.

करतात, माहितीये. तरी नाही. तुमच्या पोराच्या वर्गातल्या कोणी तो पिशवी घेतानाचा फोटो बघितला तर कसं वाटेल? अडचणीतल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेही बंदी आहे. मुलाच्या वाढदिवसाला वस्तीत केक कापायचाय म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१७. पैसे द्यायचेत. ८०जी (आयकरात वजावटीची) पावती मिळेल का? भाऊ अमेरिकेतून पाठवेल.

पावती नाही, आम्ही नोंदणीकृत नाही. पावती हवी असेल तर नोंदणी असलेल्या संस्थेला द्या, आणि तिथेही २ हजारांच्या वर रोख दिलेत तर वजावट नाही, वस्तू दिल्या तरी नाही. जाहीर वर्गणीही काढत नाही, त्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी. ओळखीतले लोक किराणा दुकानाचं किंवा मेडिकलचं बिल थेट भरतात, बिलाचा फोटो गटात पडतो.

भावाचं म्हणाल तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतलं देणं परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असूनही ती परदेशी देणगी होते आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. आमच्याकडे नाही. त्यापेक्षा त्याला सांगा, इकडे आला की एक मंगळवार द्यायला (प्रश्न २).

१८. सहा महिने ज्यांच्यासाठी फिरलो ते आता फोनच उचलत नाहीत. काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. पेन्शन सुरू झाली, गरज संपली, आणि ज्याने आपले सगळ्यात वाईट दिवस पाहिलेत त्याचं तोंड रोज बघावंसं वाटत नाही. महिनाभर थांबा, वाटेत दिसल्या तर "काय ताई, बऱ्या का?" एवढंच. हयातीच्या दाखल्याची वेळ आली की एक मेसेज टाका. तुम्हीच थकला असाल तर सरळ सांगा, दोन महिने सुट्टी घ्या, तुमची घरं दुसऱ्याकडे देतो, फक्त जाण्याआधी वही त्यांच्या हातात द्या.

१९. मेसेजला उत्तर किती वेळात येतं?

संध्याकाळी सात ते नऊ बघतो. दवाखान्याचं असेल तर मेसेज नको, फोन करा, आणि पहिल्याच वाक्यात हॉस्पिटलचं नाव आणि रेशनकार्डाचा रंग सांगा.